आम्ही न बदललेल्या ओळीही वाचणाऱ्या सरांस

फोंडा, गोवा

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

लिनक्स कर्नेलमधील (लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) एका जुन्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरसाठी (कार्ड चालवणाऱ्या कोडसाठी) आम्ही फोंड्यातल्या काही जणांनी तयार केलेला पॅच (कोडमधील बदल) आपण ज्या बारकाईने तपासलात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. कोड रिव्ह्यू म्हणजे मोकळ्या जागा आणि व्हेरिएबलची नावे सुधारून घेणे, असा समज या कामात नव्याने येणाऱ्यांमध्ये बराच आढळतो. आपण केलेले काम त्यांच्याही वाचनात यावे, म्हणून खाजगीत न लिहिता असे लिहीत आहे.

आमचा बदल किरकोळ होता, आकडेवारी मोजणाऱ्या काही ओळींचा. आपण मात्र पॅकेट पाठवणारे फंक्शन आणि पाठवून झालेली पॅकेटे मोकळी करणारे फंक्शन शेजारी ठेवून वाचलेत आणि विचारलेत: रिंग (पाठवायच्या पॅकेटांच्या नोंदींची ठरावीक जागांची यादी) भरल्याचे दिसताच ड्रायव्हर पॅकेटांची रांग थांबवतो खरा, पण ते दिसणे आणि थांबवणे यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसरवर सगळे डिस्क्रिप्टर (रिंगमधल्या नोंदी) मोकळे झाले तर काय? मोकळे करणाऱ्याला रांग चालूच दिसते, म्हणून तो तिला उठवत नाही. त्यानंतर रांग थांबते, आणि पूर्ण व्हायचे एकही पॅकेट शिल्लक नसल्यामुळे तिला उठवायला कोणीच येत नाही. यावर उपाय म्हणजे रांग थांबवल्यावर पूर्ण मेमरी बॅरियर (मेमरीतले आधीचे आणि नंतरचे लिहिणे-वाचणे क्रम ओलांडणार नाही अशी सूचना) घालून जागा पुन्हा मोजायची, जागा असल्यास रांग लगेच सुरू करायची, आणि मोकळे करणाऱ्या बाजूलाही जोडीचा बॅरियर ठेवायचा. हे केवळ एआरएम प्रोसेसरांपुरते नाही, नेहमीच्या पीसीतल्या एक्स८६ प्रोसेसरांवरही आधीचे लिहिणे नंतरच्या वाचण्याच्या मागे पडू शकते, हेही आपण न कंटाळता समजावलेत, आणि तेही ऐन चवथीच्या सुट्टीत!

हा दोष इतकी वर्षे लपून राहिला याचे कारण वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या रांगेवर लक्ष ठेवणारी कर्नेलमधली सोय. ड्रायव्हरने वेगळी मुदत दिलेली नसेल, तर रांग ५ सेकंद अडकून पडल्यावर कर्नेल ड्रायव्हरला तसे कळवतो, ड्रायव्हर कार्ड रीसेट करतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते. आपल्याकडे पावसाळ्यात नेटवर्क असे गप्प झाले की पहिला संशय खाऱ्या हवेने गंजलेल्या कनेक्टरवर जातो, आणि तो पुसून बसवेपर्यंत रीसेट होऊन गेलेला असल्याने श्रेय पुसणाऱ्याला मिळते.

कार्डाला पॅकेट सोपवल्यानंतर त्याची लांबी वाचू नये, कारण तोवर ते मोकळे झालेले असू शकते, ही आपली दुसरी सूचनाही तितकीच रास्त होती.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो आपला विवेक. रांग थांबवण्या-उठवण्याचे तयार मॅक्रो (पुन्हा वापरता येणारे कोडचे तुकडे) कर्नेलमध्ये २०२३ साली आले, आणि तेच वापरून सगळे एकदम नीटनेटके करण्याचा मोह आम्हाला झाला होता. जुन्या कर्नेलांत ते मॅक्रो नाहीत, तेव्हा दुरुस्ती आधी लहान आणि वेगळ्या पॅचमध्ये द्यावी, मूळ दोष ज्या कमिटने (कोडमध्ये नोंदलेल्या बदलाने) आणला त्याच्या ओळखीची पहिली १२ अक्षरे ‘फिक्सेस’ या ओळीत लिहावीत, आणि मॅक्रोंचे काम पुढच्या आवृत्तीसाठी ठेवावे, असे आपण सुचवलेत. त्यामुळे जुने कर्नेल चालवणाऱ्यांचीही सोय झाली.

आपल्याकडे हे कार्ड नाही. सारे आपण निव्वळ वाचून ओळखलेत. म्हणूनच पॅचमधल्या ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासणारा) या ओळीत आपले नाव देताना ‘टेस्टेड-बाय’ (चाचणी घेणारा) या ओळीत मात्र ज्याने कार्डावर चाचणी घेतली त्याचेच हवे, असा आग्रह आपण धरलात, आणि तो आम्ही पाळला आहे.

मॅक्रोंचा पॅच आता तयार होत आहे. सवडीने पाहावा ही विनंती; सवड नसल्यास तसे कळवावे, आम्ही थांबू.

आपला नम्र,
फोंड्यातील सहकाऱ्यांच्या वतीने