काकाबद्दल

डोंबिवली, रविवार रात्र

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काका, आपल्या टँकमधला गोरामी मासा, गेला एवढंच बाबांनी तुला फोनवर सांगितलं. कसा गेला ते मी सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. तो आपणहून मेला नाही रे. मी त्याला मारला. आता सगळं वाच आणि मग काय रागवायचं ते रागव.

श्रावणापासून तो वाळत चालला होता. खायचा, पण अंगाला लागत नव्हतं. वरून पाहिलं की डोकं तेवढं मोठं आणि मागचं अंग विळीच्या पात्यासारखं. त्याआधी महिनाभरात दोन गप्पी अशाच खंगून गेल्या होत्या. त्यातली एक मला सकाळी दिसली तेव्हा अर्धीच उरली होती, बाकीची इतरांनी खाल्लेली. म्हातारी झाली असेल, म्हणून मी सोडून दिलं. सव्वीस वर्षं लॅबमध्ये टीबीसाठी थुंकीच्या स्लाइड बघणारी बाई मी. वजन उतरतंय आणि घरात आधी दोघं असेच गेले, असं कुणी खिडकीशी येऊन म्हणालं असतं तर नाव विचारायच्या आधी हातात थुंकीची डबी दिली असती. टँकसमोर मात्र अक्कल गहाण पडली होती.

गणपतीत त्याच्या पाठीला बाक आला. शेपटीच्या अलीकडे खवले उठून लालसर खड्डा पडला. तेव्हा कुठे मी वाचायला बसले. याला माशांचा टीबी म्हणतात. जंतू आपल्या टीबीच्या जंतूच्या भावकीतला, मायकोबॅक्टेरियम मरिनम. 1926 साली अ‍ॅरन्सन नावाच्या संशोधकाने फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमधून तो वेगळा काढला. आमच्या स्लाइडवर तो रंगही तसाच धरतो, निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी काड्या. ते निळं म्हणजे मिथिलीन ब्लू. तू दहावीत असताना माशांवर पांढरे ठिपके आले होते आणि दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणून ओतली होतीस, ते हेच. रेती निळी, काचेचे सांधे निळे, आजीचा पंचा निळा. आजी अजून तो पंचा दाखवते.

ते ठिपके बरे झाले, कारण तो परजीवी अंगावरून सुटून पाण्यात पोहायला लागला की औषधाने मरतो. फक्त तिसऱ्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले म्हणून तू औषध थांबवलंस आणि आठवड्याने दुप्पट उठले. तेव्हा मी तुला झापलं होतं, आठवतंय? या टीबीचं तसं नाही. घरच्या टँकमध्ये भरवशाने बरा होईल असा उपायच नाही. स्टेशनजवळच्या दुकानदाराने पिवळी पूड दिली आणि "आंटी, चिमूटभर टाका, मासा उठून पळेल," म्हणाला. अँटिबायोटिक होतं. पाण्यात चिमूटभर अँटिबायोटिक टाकायचं, फिल्टरमधले चांगले जंतू मारायचे आणि वाईट जंतूंना सराव द्यायचा. माझ्या टेबलावर औषधांना दाद न देणाऱ्या टीबीची माणसं येतात. मी ती पुडी उघडलीसुद्धा नाही.

खात्री होती का, असं विचारशील. नव्हती आणि आजही नाही. पोटातल्या कृमींनी मासा वाळतो, इतरांनी खाऊ दिलं नाही तरी वाळतो, म्हातारपणानेही वाळतो. मेलेला मासा उघडून आतल्या अवयवांची स्लाइड केली तर थोडंफार कळतं. पण माणसांचे नमुने रांगेत असताना मी गोरामी घेऊन लॅबमध्ये शिरायचं? आणि गुलाबी काड्या दिसल्या असत्या तरी त्या नेमक्या कुठल्या जातीच्या, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. आमच्याकडे संशयित पेशंटलाही लगेच मास्क देतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत. मीही तेच केलं. काकाला निळ्या बादलीत वेगळा ठेवला, त्याला स्पंजचा फिल्टर वेगळा, जाळी वेगळी. आधी टँकचं काम, मग बादलीचं, उलट कधीच नाही. बाबा म्हणाले, घरात सोवळं आलं परत.

आता आजीचं ऐक. टँकचं काढलेलं पाणी ती तुळशीला आणि कढीपत्त्याला घालते हे तुला माहीतच आहे. अनवाणी. तिला साखर आहे, टाचांना भेगा आहेत. हा जंतू माणसाच्या कातडीत शिरतो तो कापल्या-खरचटल्यातून. त्याला तीस अंशांच्या आसपासचा गारवा आवडतो, म्हणून हाताच्या बोटांवर गाठ येते, जखम होते, कधी कोपराकडे एकामागे एक गाठी चढत जातात. माणसाकडून माणसाला होत नाही, पण बरं व्हायला काही महिने गोळ्या खाव्या लागतात. आजीला सांगितलं तर म्हणाली, "माशाचा टीबी मला? मला अजून माशाचा काटा लागलेला नाही." शेवटी मी टँकचं पाणी काढायची बादलीच लपवली. काढलेलं पाणी आता संडासात जातं.

माझ्या बोटाला तेव्हा नारळ खोवताना कापलेलं होतं, आणि तसाच हात मी टँकमध्ये घातला होता. सहा आठवडे रोज रात्री दिव्याखाली हात धरून बघत होते. काही आलं नाही. तू तर पाणी काढायला नळी तोंडाने ओढायचास! कितीदा घोट गेला असेल पोटात. ती नळी मी फेकली, हातपंपाची आणली आहे. हातावर न भरणारी गाठ किंवा फोड आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "आमच्याकडे फिशटँक आहे" हे सांग. त्यांनी विचारलं नाही तरी सांग. नाहीतर बुरशी समजतील, गळू समजतील.

काकाने दसऱ्याच्या आदल्या दिवशी खाणं सोडलं. बादलीच्या तळाशी एका कुशीवर पडून राहायचा, श्वास वरवरचा. दोन रात्री मी उठून बघितलं. मग लवंगेचं तेल आणलं. बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात तेलाचे थेंब टाकून दुधासारखं होईपर्यंत हलवायचं आणि माशाच्या पाण्यात हळूहळू सोडायचं. आधी त्याला गुंगी येते, मग आणखी घालायचं. कल्ले थांबले तरी लगेच काढायचा नाही, बराच वेळ तसाच ठेवायचा. मी तासभर ठेवला. स्वयंपाकघरात दाताच्या दवाखान्यासारखा वास भरला होता. बाबा दार लोटून बाहेर उभे होते. तुला आधी फोन करायला हवा होता, हे मला कळतं. तू "थांब, मी येतो" म्हणाला असतास आणि मी थांबले असते, म्हणून नाही केला.

दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात दिला. आजीला त्याला चाफ्याखाली पुरायचं होतं. मी नाही म्हटलं. त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

टँकमध्ये आता सात टेट्रा, तीन गप्पी आणि सकर आहे. सगळे खातात, फिरतात. टँक रिकामा करून सगळ्यांना संपवावं, असाही सल्ला मिळाला. माझा हात धजला नाही, आणि त्याची गरज आहे असंही मला वाटत नाही. त्यांना त्यांचं आयुष्य जगू दे. फक्त त्या टँकमध्ये नवीन मासा येणार नाही आणि त्यातलं काही बाहेर जाणार नाही. मासा नाही, गोगलगाय नाही, झाडाची काडीसुद्धा नाही. खालच्या मजल्यावरची पोरं गप्पीची पिल्लं मागायला आली होती, त्यांना चिकू देऊन परत पाठवलं. शेवटचा मासा गेला की रेती आणि फिल्टर फेकायचे, काच वाळवून सत्तर टक्के स्पिरिटने पुसायची. साध्या ब्लीचला हे जंतू इतर जंतूंइतके लवकर दाद देत नाहीत.

दिवाळीला येताना वाटेत कुर्ल्याला उतरू नकोस. तुला मी ओळखते, बाजारात नुसतं बघायला जाशील आणि दोन पिशव्या घेऊन येशील. सकरला काकडी लागते, ती बाबा रोज चकत्या करून देतात. स्वतःच्या कोशिंबिरीला त्यांनी कधी विळी हातात घेतली नव्हती.

रागावला असशील तर फोनवर रागव, आजीसमोर नको.

तुझी,
आई