आप्पांच्या वहीतला कोरा रकाना

आप्पा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र चाळीसगावला तुमच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात येऊन हातात देता आलं असतं. पण समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा पी आधी" म्हणून विषय मोडता. शिवाय गिरणाकाठच्या आमच्या गावांमधून माझ्यासारखी बरीच पोरं रात्री जागून आर्डुइनोशी, म्हणजे कोड चढवून चालवायच्या छोट्या सर्किट बोर्डाशी, झटत असतात. त्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

मी तुमच्याकडे आलो तो होळीनंतरचा आठवडा. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात दीड तास पाणी पुरतं, मग मोटर कोरडी फिरते. विहीर पाझरायला तासभर द्यावा लागतो. लाईट रात्रीची असली की आमचे नाना बॅटरी घेऊन केळीच्या बागेतून विहिरीवर जायचे, मोटर बंद करायचे, तिथेच बाजेवर बसून राहायचे आणि पुन्हा चालू करायचे. वय ६४. बागेत साप निघतात. त्यांचा हा फेरा थांबावा म्हणून मी कंट्रोलर बनवला: एक उनो (आर्डुइनोचाच) बोर्ड, विहिरीत पाण्याची पातळी सांगणाऱ्या दोन तारा, एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच), आणि रिलेवर स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल. कॉइलला वीज मिळाली की कॉन्टॅक्टर उचलतो, वीज तुटली की सोडतो. पाणी संपलं की मोटर बंद, ६० मिनिटं थांबायचं, मग चालू.

घरी टेबलावर बल्ब लावून आठ दिवस चालवला, एकदाही चुकला नाही. विहिरीवर लावला आणि तिसऱ्या रात्री मोटर जळाली. कंट्रोलर मधेच रिसेट होत होता, म्हणजे थांबून पहिल्यापासून सुरू होत होता. रिसेट झाला की साठ मिनिटांची मोजणी विसरायचा आणि पाझरून जेमतेम वीतभर आलेल्या पाण्यावर मोटर पुन्हा सुरू करायचा. नाना मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या रात्री पुन्हा बॅटरी घेऊन विहिरीवर निघाले, आणि मोटर काढून वाइंडिंगला दिली. ते पाहवलं नाही, आप्पा.

त्यानंतर तीन आठवडे मी कोड बदलत राहिलो. एक लायब्ररी (तयार कोडचा संच) काढली, दुसरी घातली. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या लाईनवर व्होल्टेज सावरायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, मग आणखी एक. नवा बोर्ड आणला, अडॅप्टर बदलला. वाइंडिंगची मोटर घ्यायला तुमच्या दुकानात आलो तेव्हा पिशवीत तो डबा होता, आणि तुम्ही सहज विचारलंत, "हाई काय शे?"

मी पंधरा मिनिटं सांगत होतो. तुम्ही चष्मा पुसत ऐकलंत आणि एकच विचारलंत: "रिसेट कवय (कधी) होस? उचलतांना का सोडतांना?"

मला सांगता आलं नाही. तीन आठवडे त्या डब्यासमोर बसूनही मी हे पाहिलेलंच नव्हतं.

तो प्रश्न किती मोठा आहे हे मला गावी परतताना एसटीत कळलं. कॉन्टॅक्टर उचलतो तेव्हा मोटर सुरू होते, आणि सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईन दबते. तेव्हा रिसेट होत असेल तर दोष सप्लायचा. कॉन्टॅक्टर सोडतो तेव्हा लाईनवरचा भार उलट कमी होतो, सप्लाय दबायचं कारणच नाही. पण कॉइलमध्ये साठलेलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि व्होल्टेजचा मोठा झटका मारतं. तेव्हा रिसेट होत असेल तर सप्लायवर कितीही कपॅसिटर लावा, ते जागा चुकलेले. मी विहिरीवर बसून वीस वेळा चालू-बंद केलं. उचलताना एकदाही नाही. सोडताना अकरा वेळा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानातलं काम बाजूला ठेवून एक जुना कॉन्टॅक्टर बाकावर मांडलात. मी मल्टीमीटर लावला, तो शांतपणे ५ व्होल्ट दाखवत राहिला. "तो सेकंदात दोन-तीन डाव (वेळा) पाहस," तुम्ही म्हणालात, आणि कपाटावरून गोल हिरव्या पडद्याचा, व्होल्टेजची क्षणभराची हालचालही रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप उतरवलात. ५ व्होल्टच्या लाईनवर सोडताना थोडी थरथर दिसली, पण दबलेली कुठेच नव्हती. मग मला आठवलं की हा चिप स्वतःच सांगू शकतो. उनोवरच्या एटीमेगा ३२८ या चिपमध्ये एमसीयूएसआर नावाचं रजिस्टर, म्हणजे नोंदीची छोटी जागा, असते. शेवटचा रिसेट कशामुळे झाला ते त्याच्या चार बिटांत नोंदलेलं असतं: वीज नव्याने आली, बाहेरून रिसेट पिन ओढली गेली, व्होल्टेज दबलं, की वॉचडॉगने (अडकलेल्या चिपला पुन्हा सुरू करणाऱ्या घड्याळाने) उठवलं. उनोचा बूटलोडर (बोर्ड चालू होताच आधी धावणारा छोटा प्रोग्राम) सुरू होतानाच ही नोंद पुसतो, म्हणून मी यूएसबीएएसपी प्रोग्रामर जोडून बूटलोडरशिवाय थेट कोड चढवला. कॉन्टॅक्टर सोडला, बोर्ड रिसेट झाला, आणि कॉम्प्युटरवरच्या सिरियल मॉनिटरवर आकडा आला २. म्हणजे रिसेट पिन.

तुम्हाला रजिस्टर-बिट यातलं काही सांगावं लागलं नाही. तुम्ही फक्त डब्याच्या झाकणाकडे पाहिलंत. मी झाकणावर रिसेटचं बटण बसवलं होतं, आणि त्याची दीड फुटाची तार कॉइलच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेली होती, तीही नीटनेटकी, गाठी मारून. ती तार म्हणजे सरळ अँटेना. रिसेट पिनला अडीच मायक्रोसेकंदांचा खड्डाही पुरतो. घरी टेबलावर कॉन्टॅक्टर नव्हता, बल्बमध्ये कॉइल नसते, म्हणून आठ दिवस काहीच झालं नव्हतं.

तुम्ही नुसती तार तोडून दिली असती तरी माझं काम झालं असतं. पण तुम्ही कॉइलचा झटकाही मुळातच दाबायला लावलंत. मी उत्साहाने खिशातला ४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) काढला, कारण रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावतात हे मला पाठ होतं. तुम्ही माझं मनगट धरलंत. रिलेची कॉइल डीसी असते. ही २४० व्होल्ट एसीची. तिच्यावर डायोड म्हणजे प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला सरळ शॉर्ट. ते मी त्या दिवशी केलं असतं तर काय झालं असतं याचा विचार आजही येतो. तुमच्याकडून १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडून कॉइलवर लावायला शिकलो, आणि कपॅसिटर 'एक्स टू' छापाचा, २७५ व्होल्ट एसीचाच का घ्यायचा हेही. हे वाचणाऱ्या पोरांनी एवढं तरी ध्यानात ठेवा. मेनवर काम करताना फ्यूज काढून, लाईन मेली आहे हे तपासून मगच हात घाला.

आणखी एक गोष्ट तुम्ही बोलून गेलात, ती मी कोडमध्ये घेतली. "तो पुन्हा उठना, तं त्याले कसं माहीत पाणी शे का नही?" आता वीज कधीही आली, रिसेट कशानेही झाला, तरी कंट्रोलर आधी पूर्ण ६० मिनिटं थांबतो आणि मगच मोटरला हात लावतो. त्या रात्री एवढी एक ओळ असती तर रिसेट होऊनही मोटर वाचली असती. माझ्या मते सगळ्यात मोलाची दुरुस्ती हीच.

कपॅसिटरचे पैसे तेवढे तुम्ही घेतलेत. दीड दिवसाचे घेतले नाहीत. वर तुमची ती लांबट वही माझ्यापुढे सरकवलीत आणि दोष माझ्याच अक्षरात लिहायला लावलात: तारीख, लक्षण, काय मोजलं, काय बदललं. शेवटचा 'निकाल' हा रकाना मी भरायला लागलो तर तुम्ही पेन काढून घेतलंत. "हंगाम जाऊ दे. मंग लिख."

आप्पा, परवा मृगाची पहिली सर झाली. विहिरीला पाणी चढलं, मोटर आता रात्री मधेच थांबत नाही. काल मी कंट्रोलरच्या ईईप्रॉममधली (लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीतली) मोजणी वाचली. तेवढं त्या रकान्यात लिहून घ्या:

६८ दिवस. कॉन्टॅक्टर सुटला ५४६ वेळा. रिसेट पिनमुळे ०. व्होल्टेज दबल्यामुळे ०. लाईट जाऊन आल्यामुळे ९३, त्या प्रत्येक वेळी तासभर थांबून मग सुरू. नाना रात्री विहिरीवर गेले: एकदा, पहिल्या रात्री, खात्री करायला.

तुमचा,
वाइंडिंगची मोटर घ्यायला आलेला मुलगा