ड्रॅगन चालतील, पण पाऊस कुठाय?

माननीय संपादक साहेब,

स.न.वि.वि. आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांनी लिहिलेल्या काल्पनिक दुनियेच्या गोष्टी आल्या, त्या मी सगळ्या वाचल्या. एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा रात्री जेवण झाल्यावर, कारण त्यात माझ्या भाच्याचीपण गोष्ट होती (सातवीत आहे) आणि अक्कानं ते पान लॅमिनेट करून आणायला मलाच पाठवलं. पोरांनी मेहनत घेतलीय, चित्रं तर झकास. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. छापायचं तर छापा, लांबलंय हे मला माहीत आहे.

अकरा गोष्टी होत्या आणि अकराच्या अकरा ठिकाणी बर्फ! बर्फाचे डोंगर, बर्फाचा किल्ला, पाइनची झाडं, कुडकुडणारा राजा. आणि ही पोरं कुठली म्हणाल तर आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, नंदगड, जांबोटी, येळ्ळूर, निपाणी. फ्रीजरमधला सोडला तर ह्यातल्या बहुतेकांनी बर्फ बघितलेला नसणार, आणि लाईट गेली की तोपण राहत नाही. पाऊस मात्र एकाच्याही गोष्टीत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ओले सॉक्स घालून शाळेला जाणारं पोर दुनिया बनवायला बसतं आणि त्यातनं पाऊसच गायब करतं, ह्याला काय म्हणायचं?

पोरांना दोष नाही म्हणा. मोबाईलवरच्या गेममध्ये बर्फ, कार्टूनमध्ये बर्फ, मग त्यांना वाटतं फँटसी म्हणजे बर्फच असायला पाहिजे. भाच्याच्या गोष्टीतल्या गावाचं नाव हिमनगर. मी त्याला एवढंच विचारलं, "हिमनगरची माणसं खातात काय रे?" म्हणाला, "भात-आमटी." मी म्हटलं बर्फात भात कुठनं आला? "मामा, जादूनं." बरं, जादूनं भात येतोय तर मग तो राजा आणि राक्षस भांडूलेत कशासाठी? तिथं गडी गप्प झाला. पाच मिनिटांनी म्हणाला, "मामा तू बोअर करूलाईस."

असेन मी बोअर. पण माझं म्हणणं एवढंच आहे की दुनिया बनवायची तर आधी पाणी कुठनं येतं ते ठरवा, मग जमीन कसली, मग चुलीत काय जाळतात ते. एवढं ठरलं की माणसं काय खातील, घर कसं बांधतील, लग्नं कधी करतील आणि कुणाशी भांडतील हे अर्धं आपोआप सुचतं. ड्रॅगन नंतर आणा की, त्याला कोण नको म्हणतंय.

आणि ह्यासाठी आमच्या पोरांना कुठं लांब जायची गरज नाही. कणकुंबीपासून अथणीपर्यंत जा, एका जिल्ह्यात तीन दुनिया लागतात. कणकुंबीला पाऊस काही हजार मिलीमीटरमध्ये मोजायचा, बेळगावात तो बाराशे-तेराशेवर येतो आणि अथणीकडं सहाशेच्या आत-बाहेर. आता नुसती घरं बघा. आमच्याकडं खानापुरात उतरतं छप्पर, वर मंगलोरी कौलं, आणि छपराची वळचण एवढी खाली आणलेली की पाव्हणा आत येताना वाकतोच. पूर्वेला माळावर जुनी घरं बघितली तर सपाट माळवदाची, वर माती चोपून बसवलेली, तिथं ज्वारी वाळत घालतात आणि उन्हाळ्यात वरच झोपतात. माझे आजोबा म्हणायचे, माळावरच्या माणसाला चांदण्या जास्त माहीत आणि आपल्याला बेडूक. तेव्हा मला तो नुसता जोक वाटायचा.

पण घरापेक्षा धान्य कुठं ठेवतात ते बघण्यासारखं आहे, आणि ह्यावर मी जरा थांबणार आहे कारण ह्यात खरोखर एक अख्खी कादंबरी आहे. माळाकडं कोरडी जमीन, तिथं पेव असायचं. म्हणजे जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, आतनं कडबा लावून घ्यायचा, ज्वारी भरायची आणि वरनं मातीनं बंद. आमच्याकडं तसला खड्डा खणला तर आषाढात त्याची विहीर होईल, म्हणून आमच्यात कणगी, बांबूची विणून शेणानं सारवलेली, जमिनीपासून उचलून ठेवलेली. आता पेवाची गंमत अशी की ते उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत हवा खराब झालेली असते आणि माणूस आत गेला तर बेशुद्ध पडून मरतोसुद्धा, म्हणून तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणूस उतरणार. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची असली पेवं होती, २००५ च्या महापुरात त्यांची मोठी नासाडी झाली.

आता ह्यावरनं दुनिया बनवा. ज्या लोकांचं वर्षाचं धान्य पायाखाली आहे, त्यांच्यात घर विकताना काय विकतात, नुसत्या भिंती का खालचा अंधारपण? कंदील पहिल्यांदा कोण सोडणार, घरातली थोरली की नवीन आलेली सून? कंदील विझला तर त्या वर्षी लग्न धरायचं का नाही? बघा, एक ड्रॅगन न आणता रीतिरिवाज तयार. आणि कणगीवाल्यांना हे काहीच कळणार नाही, त्यांचं धान्य डोळ्यासमोर, किती उरलंय ते शेजारणीलापण दिसतंय, त्यामुळं त्यांच्यात लपवाछपवीच्या शिव्या वेगळ्या असणार. आपण पेपरात सारखं लिहिता की कोचिंग क्लासचं पेव फुटलं. हा वाक्प्रचार काढलेला माणूस कोरड्या मुलखातलाच असणार, आमच्या जांबोटीत फुटायला पेव होतं कुठं?

कॅलेंडरचंपण तसंच. फँटसीमध्ये महिन्यांना अवघड अवघड नावं देतात, डोळ्यासमोर काही येत नाही. आपल्याकडं पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, मग शेवटी हत्तीचा. पावसाला वय आहे, त्याला वाहन आहे, ह्या वर्षी बेडकावर आला का गाढवावर ह्यावर म्हातारी माणसं कट्ट्यावर वाद घालतात. हे कुठल्या परक्या पुस्तकात वाचलं असतं तर आपण म्हटलो असतो, लेखकाची काय कल्पनाशक्ती!

नागपंचमीची कहाणी घ्या. शेतकरी नांगरताना नागाची पिल्लं मरतात, नागीण चिडून घरातल्यांना डसते आणि सासरी असलेली लेक नागाची पूजा करत असते म्हणून सगळे वाचतात. बिळात पाणी गेलं की साप बाहेर येतात, नेमकी तेव्हाच शेतात माणसांची गर्दी. त्यामुळं त्या दिवशी नांगर धरायचा नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आमच्या कहाण्यांत आटपाट नगराला नदी आहे का डोंगर आहे ते कधी सांगत नाहीत ही माझी जुनी तक्रार आहे, पण ह्या एका कहाणीत माती आहे, चिखल आहे आणि भीतीपण खरी आहे.

अजून एक, जे ह्या गोष्टी लिहिणारी मोठी माणसंसुद्धा विसरतात. कारण जातं, रीत राहते. आमच्या गावात आता सगळ्यांनी स्लॅब घातलाय, पण दोनच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला की त्याच्यावर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याचं उतरतं छप्पर घालतात, म्हणजे घराच्या डोक्यावर परत घर. गावातल्या नवीन बंगल्यातपण लोक दारात वाकतात, दार सात फुटाचं असलं तरी! माझे वडील शेवटपर्यंत वाकायचे. इरलं (बांबू आणि पानांचं पावसाचं आच्छादन) पाठीवर घेणारी शेवटची बाई मी लहानपणी बघितली, आता प्लास्टिकचा कागद असतो, पण रोप लावताना तो कागद इरल्यासारखाच डोक्यावरनं पाठीवर सोडतात, कमरेला बांधत नाहीत. काल्पनिक दुनियेत अशी एकतरी निरर्थक वाटणारी सवय असूदे, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की इथं आधी कोणतरी राहत होतं.

भांडणाचं म्हणाल तर ते पण जमिनीतनंच येतं. भाच्याला मी गेल्या महिन्यात गाडीवरनं कणकुंबीला नेलं. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगवते ती पूर्वेला जाते, सौंदत्तीवरनं पुढं कूडलसंगमला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. आणि ह्याच तालुक्यातनं म्हादई निघते ती पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात. म्हणजे एका डोंगराच्या अलीकडं पडलेला थेंब आणि पलीकडं पडलेला थेंब परत कधी भेटत नाहीत. ह्या म्हादईच्या पाण्यावरनं कर्नाटक आणि गोवा किती वर्षं भांडलीत हे आपल्या पेपरातच येतं, लवादानं २०१८ ला कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी दिलं तरी मिटलेलं नाही. भाचा म्हणाला, "मामा, मग राक्षसानं डोंगर थोडा सरकवला तर?" मी त्याच्याकडं बघतच राहिलो. हिमनगरातल्या सगळ्या युद्धांपेक्षा ही एक ओळ भारी आहे. (सीमेचा विषय मी मुद्दाम काढत नाही, नाहीतर तुम्ही पत्र दुसऱ्या पानावर टाकाल.)

पण सगळं पाऊसच ठरवतो असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर ते गाईडमधल्या उत्तरासारखं होईल. एकाच जंगलात, एकाच पावसात आमच्याकडं कुणबी खाली ओढ्याकाठी भात करतात आणि गवळी धनगर वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, म्हशी घेऊन राहतात. पाऊस तोच, गाणी वेगळी, देवाला द्यायचं वेगळं. आणि दोघांची गाठ पडते बाजारात, कारण एकाकडं दूध-तूप आहे आणि दुसऱ्याकडं तांदूळ. भाषासुद्धा तिथंच मिसळते. घाटाकडचा तांदूळ आणि माळाकडची ज्वारी एका ताडपत्रीवर आली की मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात येणारच, भाव मराठीत सांगायचा आणि घासाघीस कन्नडमध्ये करायची. अकराच्या अकरा गोष्टींत अख्खी दुनिया एकच भाषा बोलते, तीपण पुस्तकातली. बेळगावातलं पोर असं कसं लिहू शकतं मला कळत नाही.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी स्पर्धा ठेवाल तेव्हा वर एकच प्रश्न छापा, तुमच्या दुनियेत पाऊस किती पडतो आणि ओले कपडे कुठं वाळवतात. बक्षीस नाही दिलं तरी चालेल.

हा कपड्याचा प्रश्न मी भाच्याला विचारला होता. आमच्याकडं जुलैमध्ये कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, चुलीवर बांबूचा ताटवा टांगून त्याच्यावर युनिफॉर्म वाळवतात आणि वर्गात सगळ्या पोरांना धुराचा वास येतो. त्यानं हिमनगर खोडलं. आता त्याचा ड्रॅगन नंदगडच्या वरच्या जंगलात राहतो, पावसात पंख भिजून जड झाल्यामुळं चार महिने त्याला उडता येत नाही, म्हणून गावानं त्याला आषाढ-श्रावणात कपडे वाळवायला ठेवून घेतलंय. पगार म्हणून रोज दोन टोपल्या सुके बांगडे. गोष्ट सध्या तिथं अडकलीय, कारण कपड्यांना बांगड्याचा वास येतोय आणि देवळाचा पुजारी म्हणतोय माझं सोवळं ह्याच्याकडं देणार नाही, आणि दुसरीकडं कुठं वाळवायचं ते गावात कुणालाच सुचत नाही.

आपला,
एक मामा,
खानापूर तालुका, जि. बेळगाव