ताराबाई, तो प्रश्न तुमचाच होता

ती. ताराबाई शिंदे यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, ठाऊक आहे. तरी आभार चारचौघांतच मानते, कारण तुम्हीही जे बोललात ते छापून, सगळ्यांदेखत बोललात.

बाईच्या वागण्यावर कुणी ताशेरे ओढले की जागेवर उत्तर सुचत नाही. सुचतं ते घरी आल्यावर, भांडी घासताना. तुमचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक वाचल्यापासून माझं तसं होत नाही, त्याचे हे आभार.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात ती हद्दपारीवर आली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून होता, पण रूढीपुढे तो कागदावरच. वर्तमानपत्रांतून मात्र सगळ्या स्त्रीजातीचाच पंचनामा सुरू झाला. तुम्ही बुलढाण्याच्या. पुढच्याच वर्षी पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापून उत्तर दिलंत: बायकांचे म्हणून जे दुर्गुण मोजता, ते पुरुषांत नाहीत काय? भाषा अशी झणझणीत, की आजही कुणी म्हणतं, मुद्दा बरोबर पण जरा सौम्य लिहायला हवं होतं. ही अटसुद्धा बायकांनाच!

आमच्याकडचंच सांगते. माझ्या मावशीचे यजमान गेले. काही महिन्यांनी ती टिकली लावून कामावर जाऊ लागली. मग एका बारशाला पंगतीत सगळ्यांच्या ताटात जिलबी आणि तोंडी मावशी. “एवढ्यात टिकली? लोक काय म्हणतील?” सगळ्यात वरचा आवाज एका चुलतमामांचा. त्यांची पहिली बायको गेल्यावर वर्षाच्या आत दुसरी घरात आली होती, तेव्हा “लहान पोरांचं बघायला कुणी नको का” म्हणत याच मंडळींनी माना डोलावल्या होत्या. (मावशीलाही दोन लहान पोरं आहेत.)

मी विचारलं, “मामा, मामी गेली तेव्हा तुम्ही अंगावरचं काय उतरवलंत?”

हातातली जिलबी ताटात परत गेली. “पुरुषाचं वेगळं असतं.”

“काय वेगळं?”

उत्तर आलं नाही. “अरे, मठ्ठा फिरवा” असं कुणीतरी ओरडलं आणि विषय निघाला लग्नाच्या हॉलच्या भाड्यावर.

प्रश्न माझा नव्हताच. बायको मेली की तुम्ही दाढीमिशा भादरून रानात का जात नाही, दहाव्याच दिवशी दुसरी का आणता, हे तुम्ही १८८२ मध्ये विचारून ठेवलंय. मी फक्त पंगतीत वाढलं.

जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून तुमची बाजू घेतली. त्यानंतर तुमचं पुस्तक विस्मरणात गेलं ते संशोधक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापून आणेपर्यंत. त्यांचेही आभार. पण मधल्या नव्वद वर्षांत किती पंगती अशाच उठल्या असतील, याचा विचार केला की राग येतो.

आता काही बदललंय म्हणावं तर बदललंय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव चांगलाच आहे. पण आमच्या पंगतीला ग्रामपंचायत कुठून आणू? तिथे तुम्हीच लागता.

मावशी टिकली लावते. बोलणारे बोलतात, फक्त आता माझ्यासमोर नाही, फोनवर. चुलतमामांनी माझ्याशी बोलणंच टाकलंय. त्याबद्दलही तुमचे वेगळे आभार.

कळावे, लोभ असावा.
तुमची एक वाचक