पणजीतले दोन बार

टिळकवाडी, बेळगाव
एप्रिल

प्रिय सुऱ्या,

"गोव्यात काय ढोसलास?" असं फोनवर विचारून तू मोकळा झालास. पण मर्दा, हे घाईत सांगण्यासारखं नव्हे. म्हणून लिहायला बसलोय.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत पणजी गाठली. बागा-कळंगुटकडे गाडी वळवलीच नाही. तिथं दारू पावलोपावली आहे, पण चार वर्षांनी आठवेल असा बार मला तरी तिकडं कधी भेटला नाही.

पणजीच्या जुन्या वस्तीत, फोंताइन्यासच्या बाजूला जोझेफ बार आहे. आपल्या खडेबाजारातल्या एखाद्या पानपट्टीपेक्षा थोडा मोठा. आत जागा मिळाली तर नशीब, नाहीतर ग्लास घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. तिथलं 'तांबडे रोझा' म्हणजे फेणी, कोकम आणि सोडा, वर मिरचीचा चटका. पहिल्या घोटाला फेणीचा तो वास नाकात जातो, हिनं तर तोंडच फिरवलं. पण कोकमाचा आंबटपणा मागून येतो आणि वास गोडीत येतो. मी दुसरा मागवला. हिनं बिनदारूचं कोकम घेतलं, आणि खरं सांगू, तेही झकास होतं.

हंगाम असल्यामुळं हुर्राकही मिळाला. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस आंबवून पहिल्यांदा भट्टीवर उतरवला की हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. तो पुन्हा उतरवला की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. हुर्राक फार टिकत नाही, पावसाआधीच संपवायचा. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का, बस. याला कॉकटेल म्हणायचं नाही तर कशाला?

रात्री 'फॉर द रेकॉर्ड'मध्ये गेलो. तिथं तबकड्या वाजवतात, आणि लोक खरंच ऐकतात. मी नेग्रोनी सांगितली : जिन, कॅम्पारी (कडवट इटालियन दारू) आणि गोड व्हर्मुथ (मसाल्याची वाइन), तिन्ही समसमान. बारवरच्या पोरानं शेकरला हातच लावला नाही, लांब चमच्यानं बर्फात ढवळत राहिला. का रे, म्हटलं. तर म्हणाला, लिंबाचा रस असला तर शेकरमध्ये घालून हलवायचं, नुसती दारू असली तर ढवळायचं, नाहीतर गढूळ होतं आणि पाणीही जास्त सुटतं. मला हे कुणी आजवर सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या एका बारमध्ये मी एकदा कॉकटेल मागितलं होतं, तेव्हा निळं सरबत आलं, वर चेरी. बिल बघून मीही निळा पडायची वेळ!

परतताना खानापूरच्या बाजूला काजूच्या बागा लागल्या. बी काढून घेतलेली, झाडाखाली सडणारी बोंडं दिसली की आता चुटपुट लागते. घाटापलीकडं त्याच फळाच्या फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. इकडं गुरांपुढं टाकतात. चंदगडलाही तेच. दारू राहू दे, निदान सरबत, व्हिनेगर काहीतरी करा की.

बाटली आणली नाही, कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर कोण वाद घालत बसणार? तेव्हा तूच ये. पुण्याहून रात्रीची बस धर, सकाळी कॅम्पात उतरवून घेतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जमव, पुढं हुर्राकाचा भरवसा नाही. गाडी चालवायला हिचा भाऊ येतोय, तो पीत नाही. वहिनींना तू सांग, मी सांगणार नाही.

तुझा,
दिप्या