काकू, बिअर आहे, पाणी नाहीये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका काकांचं पत्र आलं होतं. रॉक कॉन्सर्ट म्हणजे पोरांना दारू पाजायचे अड्डे झालेत, सगळ्यांचं लायसन्स बंद करा, असं त्यांचं म्हणणं. काकांचा राग मला कळतो, माझाही मुलगा २० वर्षांचा आहे, पण मी स्वतः गेली तीस वर्षं या कॉन्सर्टना जातेय त्यामुळे थोडं वेगळं सांगायचंय. लांबलं तर कापा, पण पाण्याबद्दलचं तेवढं कापू नका.

मी कॉलेजला होते तेव्हा मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनच्या खुल्या थिएटरात आय-रॉक हा रॉक फेस्टिवल व्हायचा. आता रंगभवन सायलेन्स झोनच्या भानगडीत कधीच बंद पडलं, नवीन पोरांना नावही माहीत नाही. तेव्हा आमच्या ग्रुपमधली मुलं बाहेरूनच टाकून यायची, कुठल्यातरी गल्लीत उभं राहून क्वार्टर संपवायची आणि मग आत शिरायची, घाईघाईत प्यायल्यामुळे दुसऱ्या बँडपर्यंत दोघंजण भिंतीला टेकून बसलेले असायचे. म्हणजे आत दारू विकली नाही म्हणून आत दारुडे नसतात हा जो समज आहे ना, तो माझा तेव्हाच गेला.

आता मागच्या उन्हाळ्यातलं सांगते. मुंबईतलं एक मोठं मैदान, बाहेरचा मोठा बँड, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला कोणाशी भांडत बसायचं नाहीये. मी, माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र. गेट दुपारी उघडलं, ऊन मी म्हणत होतं. गेटवर सिक्युरिटीवाल्या मुलीने माझ्या पर्समधली पाण्याची बाटली काढून ड्रममधे टाकली. मी म्हटलं अगं रिकामी करून देते, बाटली तरी राहू दे, आत भरेन. ती म्हणाली मॅडम अलाऊड नाही, आत सगळं मिळतं. बाटल्या स्टेजवर फेकतात हे मला माहितीय, नियम चूक आहे असं मी म्हणतच नाहीये, पण मग आत खरंच सगळं मिळायला पाहिजे ना!

आत काय होतं? आम्ही उभे होतो तिथून बिअरचे आठ काउंटर मी मोजले, वर हे मोठे लाल दिवे, लांबून दिसतील असे. पाण्याचा एक. तोही टॉयलेटच्या रांगेच्या मागे, त्यामुळे पाण्याची रांग कुठली आणि टॉयलेटची कुठली हेच कळेना. पाणी विकतच होतं, छोट्या ग्लासात, आणि पैसे मनगटाच्या बँडमधे आधी भरलेले असले तरच. माझा मुलगा ४० मिनिटांनी दोन ग्लास घेऊन आला, त्यातला एक येताना धक्क्यात अर्धा सांडलेला. तेवढ्या वेळात त्याचा मित्र बिअरच्या काउंटरवरून दोनदा जाऊन आला होता.

अंधार पडता पडता आमच्या पुढची एक मुलगी, असेल बावीस-तेवीसची, हळूच खाली बसली आणि मग आडवीच झाली. प्यायलेली नव्हती हो, तिची मैत्रीण रडत सांगत होती की सकाळपासून काही खाल्लं नाही आणि टॉयलेटला जायला लागू नये म्हणून पाणीही पीत नव्हती (हे बायकांनाच कळेल). मी ओरडले, कोणाकडे पाणी आहे का पाणी. आजूबाजूला शंभर माणसं असतील. एका मुलाने लगेच हात पुढे केला, भरलेला ग्लास, वर फेस. म्हणाला, "काकू, बिअर आहे, पाणी नाहीये." चेष्टा नव्हती करत बिचारा. त्याच्याकडे जे होतं ते तो देत होता, आणि त्या घोळक्यात सगळ्यांकडे तेच होतं. शेवटी कोणीतरी वितळलेल्या बर्फाचा ग्लास दिला, त्याने तिचं तोंड पुसलं, मग दोन मुलांनी तिला उचलून बॅरिकेडपर्यंत नेलं आणि तिथल्या मेडिकलवाल्यांनी इलेक्ट्रॉल दिलं. थोड्या वेळाने उठून बसली.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. दारू विकायची का नाही यावर आपण दर सीझनला गळा काढतो, पण विकायचीच असेल तर कशी विकायची याबद्दल कोणी काही बोलतच नाही. बिअर प्यायल्यावर लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं, त्यात मे महिना, त्यात सहा तास उभं राहून नाचायचं. अशा ठिकाणी बिअर पाच मिनिटांत आणि पाणी ४० मिनिटांत मिळत असेल तर पोरं काय पिणार? बरं या सगळ्याला परवानगी लागते. राज्य उत्पादन शुल्क विभागाचं एक दिवसाचं लायसन्स असल्याशिवाय मैदानात एक थेंब विकता येत नाही. तर मग त्या लायसन्सच्या कागदावरच लिहा ना, की जितके दारूचे काउंटर तितकी पाण्याची ठिकाणं, आणि पाणी फुकट. ज्या दिवशी पाणी संपलं त्या दिवशी बिअरही बंद. बघा मग टँकर कसे वेळेवर येतात!

हे काही माझ्या डोक्यातलं नाही. माझा भाचा मँचेस्टरला असतो, तो सांगतो तिकडे बारवाल्याकडे नळाचं पाणी मागितलं की फुकट द्यावंच लागतं. इंग्लंड-वेल्समधे २०१० पासून ही दारूच्या लायसन्सची अटच आहे, नळाची सोय असेल तिथे नाही म्हणायची सोय नाही. त्याच अटींमधे बिअरचा अर्ध्या पाइंटचा छोटा ग्लासही ठेवायला लागतो, म्हणजे ज्याला थोडीच प्यायचीय त्याला मोठा ग्लास गळ्यात मारता येत नाही. आणि वय तिकडे १८ असलं तरी पंचविशीच्या आतला दिसला की आयडी मागतात, भाचा २८ चा आहे तरी अजून दाखवतोय आणि त्यावर खूश आहे.

आपल्याकडे वयाचा कायदा तिकडच्यापेक्षा कडक, बिअरला २१ आणि हार्ड लिकरला २५. (मुलगा २१ ला बोहल्यावर चढू शकतो पण व्हिस्कीला अजून चार वर्षं थांब म्हणायचं, यावर आमच्या घरी दर लग्नाला तोच जोक होतो.) शिवाय प्यायचा परवाना वेगळा, एका दिवसाचा ५ रुपयांचा. आता खरं सांगते, त्या मैदानात गेटवर आयडी नीट बघितला, वयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचे बँड बांधले, तिथपर्यंत छान. पण काउंटरवर एक मुलगा एका वेळी सहा-सहा ग्लास ट्रेमधे घेऊन जात होता आणि त्याला कोणी विचारलं नाही की बाबा बाकीचे पाच कोणाला. त्यातला एक माझ्याच मुलाच्या हातात आला, मी बघितलं, घरी गेल्यावर त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं. एका बँडवर एका वेळी दोन ग्लास, एवढा नियम केला असता तरी निम्मं काम झालं असतं.

बंदीवाल्यांचं उदाहरण नेहमी पुण्याचं असतं. नोव्हेंबर २०२४ मधे कोथरूडला दिलजीत दोसांझचा शो होता, रॉक नव्हे, पण गर्दी आणि परवानगीची गोष्ट तीच. स्थानिक लोकांनी विरोध केला, तिथले आमदार चंद्रकांत पाटीलही विरोधात उभे राहिले, आणि राज्य उत्पादन शुल्कवाल्यांनी दारूचा परवाना रद्द केला, तोही अगदी शोच्या दिवशी. शो झाला, दारूशिवाय झाला. कोथरूडकरांना आवाजाचा, ट्रॅफिकचा त्रास होणार होता हे अगदी मान्य, माझी बहीण तिथेच राहते. पण तिकिटं कधीच विकली गेलेली, सगळी तयारी झालेली, आणि त्या दिवशी परवाना रद्द करायचा म्हणजे आधी दिला होता तो काय बघून दिला होता? नको असेल तर तिकीटविक्रीच्या आधी नाही म्हणा, माणूस त्या हिशोबाने जाईल किंवा जाणार नाही. ऐन वेळी बंद केली की ज्याला प्यायचीय तो पार्किंगमधे पितो, आमच्या रंगभवनच्या पोरांसारखा.

दारूशिवाय मोठा शो होतच नाही असं आयोजक म्हणत असतील तर तेही खोटं आहे. जानेवारी २०२५ मधे कोल्डप्लेने अहमदाबादला नरेंद्र मोदी स्टेडियमवर लागोपाठ दोन दिवस शो केले, रोज लाखाच्या वर माणूस, आणि गुजरातमधे तर दारूबंदी. त्यातला दुसरा शो २६ जानेवारीला, म्हणजे आपल्याकडे असता तरी ड्राय डेच. पण गुजरातला ते आधीपासून माहीत असतं, सगळा हिशोब त्यावरच बसवलेला असतो. आपल्याकडे हिशोबात दारू आधीपासून असते. पुण्यात २०१० ला सुरू झालेल्या मोठ्या म्युझिक फेस्टिवलच्या नावाला नंतर चक्क रमचा ब्रँड लागला, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. ब्रँडचा पैसा स्टेजवर लागलेला असताना बिअरचे काउंटर आठ आणि पाण्याचा एक का, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

आणि प्रत्येक गोंधळ दारूमुळे होतो हेही नाही बरं का. २०११ ला मेटालिका हा अमेरिकन बँड गुडगावला वाजवणार होता, बॅरिकेडचा घोळ झाला, ऐन वेळी शो होणार नाही म्हणून सांगितलं आणि पब्लिकने स्टेजवर चढून तोडफोड केली, आयोजकांना अटक झाली. दोनच दिवसांनी बेंगळुरूला तोच बँड, तिथे शो व्यवस्थित पार पडला. माणसांना तासन्‌तास उभं करायचं, धड काही सांगायचं नाही, पाणी द्यायचं नाही, मग साधी शुद्धीतली माणसंही भडकतातच की.

अजून एक, विक्री शेवटपर्यंत चालू ठेवू नका. त्या दिवशी शेवटचं गाणं चालू होतं तरी ग्लास भरणं चालूच होतं, मनगटाच्या बँडमधले उरलेले पैसे संपवायचे म्हणून पोरं दोन-दोन घेत होती कारण रिफंडची कटकट कोणाला हवीय. आणि दहा मिनिटांनी तीच पोरं पार्किंगमधे बाईकला किक मारत होती. कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पहिल्यांदा सापडलात तर १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण नाकाबंदी पुढच्या सिग्नलला, आणि तिथपर्यंत रस्त्यावर माझ्यासारखे चालत स्टेशन गाठणारेही असतात. शो संपायच्या तासभर आधी काउंटर बंद करा आणि उरलेले पैसे आपोआप खात्यात परत जाऊ द्या. जाताना फार तर वडापाव विका, तो लोक रांग लावून घेतील.

ती मुलगी शेवटची तीन गाणी बॅरिकेडला धरून उभी राहून गायली, मला लांबून हात केला. पुढच्या सीझनची तिकिटं निघाली की मुलगा काढणार आहे आणि मीही जाणार आहे, गुडघे काहीही म्हणोत. बाटली गेटवर द्यायला माझी हरकत नाही, फक्त ती ड्रममधे टाकणाऱ्याला यावेळी मी विचारणार आहे की आत नळ कुठंय, आणि तो दाखवेपर्यंत रांगेतून हलणार नाही. मागच्यांनी ओरडावं खुशाल.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)