कल चाचणी, स्वभाव आणि राजीनाम्याचा मसुदा: एका मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबत पाठवलेला कल चाचणीचा अहवाल, दोन्ही सावकाश वाचले. अहवालात ‘सामाजिक’ आणि ‘कलात्मक’ या रकान्यांतले गुण सर्वांत वर आहेत, ‘परंपरागत’ म्हणजे नोंदी, हिशेब आणि नियमांची चौकट या रकान्यातले सर्वांत खाली. आणि तू इतकी वर्षे लेखापरीक्षण करतो आहेस. तेवढ्यावरून ‘मी चुकीच्या क्षेत्रात आलो, म्हणूनच कामावर जाताना जीव नकोसा होतो’ असा निष्कर्ष काढून तू राजीनाम्याचा मसुदाही लिहून ठेवला आहेस. तो फाडून टाक असे मी म्हणणार नाही. पण चाचणीने जे सांगितले आणि तू त्यातून जे ऐकलेस, त्या दोहोंत बरेच अंतर आहे, आणि ते लक्षात घेतल्यावाचून तो कागद वरिष्ठांच्या टेबलावर जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

ही चाचणी ज्या विचारावर उभी आहे तो जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेताना माणसांच्या कामाच्या पूर्वेतिहासात काही ठरावीक नमुने पुन्हा पुन्हा दिसतात हे त्याच्या लक्षात आले, आणि 1959 मध्ये त्याने आपली उपपत्ती प्रसिद्ध केली. माणसांच्या आवडी सहा प्रकारच्या: हाताने वस्तू घडवण्याच्या वा हाताळण्याच्या, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि परंपरागत, कामांची वातावरणेही त्याच सहा प्रकारची, आणि माणूस व वातावरण यांचा मेळ बसला की समाधान, टिकून राहणे आणि यश या तिन्ही गोष्टी वाढतात, असे त्याचे म्हणणे. हे सहा प्रकार त्याने पुढे षटकोनावर मांडले, त्यात कलात्मक आणि परंपरागत हे अगदी समोरासमोर येतात. त्यामुळे तुझ्या अहवालात एक वर आणि दुसरा तळाला दिसणे यात नवल काहीच नाही. अनेकांचे असेच असते.

आता हॉलंडच्या दाव्यातल्या समाधानाच्या भागाकडे ये, कारण तुझा सगळा निष्कर्ष त्याच्यावर टेकलेला आहे. 2020 मध्ये या विषयावरच्या 105 अभ्यासांचे, म्हणजे सुमारे 39,600 माणसांच्या माहितीचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. आवड आणि काम यांचा मेळ व कामातले समाधान यांच्यातला सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचे माप (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण), त्यात 0.19 निघाला. हा आकडा शून्य नाही, पण त्याचा वर्ग करून पाहिलास तर माणसामाणसांच्या समाधानात जो फरक दिसतो त्यातला शंभरातला जेमतेम चार भाग या मेळाच्या खात्यावर जमा होतो. आयुष्यभर आकडे तपासणाऱ्या माणसाने एका छापील अहवालावर एवढा भरवसा ठेवावा, याची मला थोडी गंमतच वाटली. याच क्षेत्रातले इतर अभ्यास असे दाखवतात की आवडीचा मेळ समाधानापेक्षा कामाचा दर्जा आणि चिकाटी यांच्याशी अधिक बांधलेला असतो: ज्याला विषय आवडतो तो जास्त वेळ त्यात घालवतो, जास्त शिकतो आणि टिकतो. पण चांगले काम करणारा माणूस सुखी असेलच असे नाही, हे तुला मी सांगायला नको.

मग उरलेले समाधान येते कुठून? त्याचा एक मोठा वाटा माणूस घरूनच घेऊन येतो. 2002 मध्ये व्यक्तिमत्त्वाचे पाच घटक (मानसशास्त्रज्ञ स्वभाव मोजायला वापरतात ते पाच मुख्य गुण) आणि कामातले समाधान यांच्या संबंधाचे असेच मोठे एकत्रित विश्लेषण झाले. काळजी करण्याच्या, लवकर खचण्याच्या प्रवृत्तीशी समाधानाचा संबंध उणे 0.29 इतका, कर्तव्यदक्षतेशी 0.26 आणि बहिर्मुखतेशी 0.25. नव्या अनुभवांबद्दलच्या मोकळेपणाचा संबंध मात्र 0.02, म्हणजे नसल्यातच जमा. कुतूहल असलेला माणूस कामात अधिक समाधानी असतो असे आपण सहज धरून चालतो, त्याला काही आधार नाही. पाचही घटक एकत्र घेतले तर सहसंबंध 0.41 वर जातो, म्हणजे आवडीच्या मेळापेक्षा स्पष्टपणे मोठा. त्याआधी, 1985 मध्ये, एका अभ्यासात असे दिसले होते की मालक आणि व्यवसाय दोन्ही बदलल्यावरही माणसाच्या समाधानाची पातळी पूर्वीच्या पातळीशी बरीचशी जुळलेली राहते. आणि 1989 मध्ये लहानपणीच वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासात कामातल्या समाधानाच्या फरकांपैकी सुमारे 30 टक्के वाटा आनुवंशिक असावा असा अंदाज निघाला. तो अभ्यास केवळ 34 जोड्यांचा होता, त्यामुळे त्या टक्केवारीला मी फार चिकटून राहणार नाही. पण दिशा तीच आहे.

याचा अर्थ ‘स्वभावाला औषध नाही’ असा घेऊ नकोस. तू काळजी करणारा आहेस हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, आणि शिक्षक झालास तरी परीक्षेच्या आदल्या रात्री तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा तूच जास्त जागशील. नव्या क्षेत्रात जाताना हा स्वभाव सोबत येणार, एवढेच मला म्हणायचे आहे.

आवड आणि स्वभाव या गोष्टी एकमेकींच्या जवळच्या असल्या तरी एक नाहीत, आणि तुझ्या बाबतीत नेमकी इथेच गुंतागुंत आहे. उद्यमी आवडी बहिर्मुखतेशी बऱ्यापैकी जोडलेल्या दिसतात, कलात्मक आवडी मोकळेपणाशी. हाताने वस्तू घडवण्याची आवड मात्र पाचांपैकी कशाशीच फारशी जोडलेली नाही. त्यामुळे सामाजिक आवड मोठी पण स्वभाव अंतर्मुख, असा माणूस अगदी स्वाभाविकपणे असू शकतो, आणि तू तसा आहेस. लोकांना शिकवावे, त्यांच्या उपयोगी पडावे असे तुला वाटते, पण दिवसभर माणसांत राहिलास की संध्याकाळी तू कुणाशी धड बोलतही नाहीस. 2019 मधल्या एका प्रयोगात काही जणांना आठवडाभर बहिर्मुख माणसासारखे वागायला सांगितले गेले. सरासरीने पाहता त्यांचे मन अधिक प्रसन्न राहिले, परंतु जे मुळात अधिक अंतर्मुख होते त्यांना तो लाभ कमी मिळाला, थकवा वाढला आणि आपण आपल्यासारखे वागत नाही आहोत ही जाणीव टोचत राहिली. वर्गात साठ मुलांसमोर रोज सहा तास उभे राहणे आणि चार नवशिक्यांना टेबलाभोवती बसवून एखादी गोष्ट उलगडून सांगणे, या दोन्ही कामांना चाचणी ‘सामाजिक’ हेच नाव देईल. तुझ्यासाठी मात्र ती दोन वेगळी आयुष्ये आहेत.

आणखी एक इशारा. आवडीचे काम मिळाले की माणूस सुरक्षित झाला, असे समजू नकोस. प्राणिसंग्रहालयांतल्या कर्मचाऱ्यांवरचा 2009 मधला एक अभ्यास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. ज्यांना ते काम आपले जीवितकार्य वाटत होते त्यांना त्यात अर्थ सापडत होता, अभिमानही होता. पण तेच लोक पगार, वेळ आणि सुखसोयी यांवर पाणी सोडायला तयार होते, आणि व्यवस्थापनाने त्यांचा गैरफायदा घेण्याची शक्यताही त्यांच्याच बाबतीत जास्त होती. शिकवण्याच्या पेशात हा धोका कमी असेल असे मला वाटत नाही.

इथवर आवड आणि स्वभाव झाले. आता तुझ्याच पत्रातली ती दोन वाक्ये घेतो जी तू जाता जाता लिहिलीस. पहिले असे की आधीच्या वरिष्ठांच्या हाताखाली ‘दिवस कसे गेले कळले नाही’. दुसरे असे की नवे अधिकारी आल्यापासून तुझे अहवाल तुला न विचारता बदलले जातात, आक्षेप सौम्य केले जातात, आणि खाली सही मात्र तुझीच राहते. मित्रा, तू हिशेबाचा माणूस आहेस, म्हणून हिशेबाच्याच भाषेत विचारतो: जी गोष्ट वर्षानुवर्षे बदललेली नाही, तिच्यावर अलीकडे आलेला बदल कसा नोंदवता येईल? आवडी साधारणपणे विशीच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याच स्थिर होतात आणि पुढची दोन दशके फारशा हलत नाहीत, असे दीर्घकालीन अभ्यास सांगतात. म्हणजे परंपरागत कामाची तुझी नावड तेव्हाही होती. काळजीखोर स्वभाव तर शाळेपासून आहे. बदलले ते तिसरेच काही: तुझ्या कामावरचा तुझा ताबा गेला आणि जे तुला अप्रामाणिक वाटते त्यावर सही करण्याची वेळ आली.

या तिसऱ्या गोष्टीबद्दलचे ज्ञान काही नवे नाही. रॉबर्ट कारासेक याने 1979 मध्येच मांडले होते की कामाच्या मागण्या मोठ्या आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त ताण देते. बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पुरता थकून जातो त्या अवस्थेचा, अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस आणि काम यांचे जिथे बिनसते अशी सहा क्षेत्रे सांगितली: कामाचा भार, नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांचे नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. तुझ्या दोन वाक्यांत मला यांतली किमान तीन दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित घटना म्हटले, हेही लक्षात ठेव. कारण तू पत्रभर स्वतःलाच तपासत बसला आहेस, कार्यालयाला नाही.

म्हणून माझे मत सरळ सांगतो. राजीनामा द्यायचाच असेल तर त्या अधिकाऱ्याच्या हाताखालून बाहेर पडण्यासाठी दे, लेखापरीक्षणातून सुटण्यासाठी नको. आणि त्याआधी विभाग बदलून मिळतो का ते विचार. नोकरी बदलल्यावर समाधान आधी चढते आणि मग बरेचसे खाली येते, असे नोकऱ्या बदललेल्या व्यवस्थापकांवरच्या 2005 मधल्या एका अभ्यासात दिसले आहे. तेव्हा नव्या ठिकाणच्या पहिल्या काही महिन्यांतल्या उत्साहावर पुढची वीस वर्षे उभी करू नकोस. चाचणी मात्र खोटी ठरवू नकोस. शिकवण्याची तुझी ओढ खरी आहे आणि ती जाणारही नाही. तिला आहे त्या कामात जागा करता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी 2001 मध्ये रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचे उदाहरण देऊन दाखवले होते की नेमून दिलेले काम तेच असूनही काही जण रुग्णांची विचारपूस, त्यांना धीर देणे, नातेवाइकांना वाट दाखवणे हे सगळे आपल्या कामात ओढून घेतात आणि त्यांचे कामच निराळे होते. तुमच्याकडे नव्याने येणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे काम कुणीही आनंदाने घेत नाही असे तूच एकदा म्हणाला होतास. ते मागून घे. सुट्टीच्या दिवशी एखाद्या वर्गावर प्रत्यक्ष शिकवूनही पाहा, आणि शिकवताना काय वाटले यापेक्षा घरी परतल्यावर अंगात किती त्राण उरले ते पाहा.

पुढच्या पत्रात एवढे नक्की लिही: सकाळी जीव नकोसा होतो तो सगळ्याच दिवशी, की ज्या दिवशी अहवाल त्या अधिकाऱ्याकडे जायचा असतो त्या दिवशी? आणि प्रशिक्षणाचे काम मागितलेस तर वरिष्ठ काय म्हणाले?

तुझा स्नेही